वळोबाचा उजवा कौल

खारशेतचा वळोबा खोटा कौल देत नाही, असं चौलपासून रेवदंड्यापर्यंत कोणीही सांगेल. सांगोत बापडे. मी त्या गावात तेरा वर्षं शाळामास्तर होतो आणि वळोबाचा गुरव बाबाजी हा माझा तिथला एकुलता एक मित्र. १९५९ साली त्यानं देवाची पूजा पुतण्याकडे दिली आणि पुन्हा म्हणून देवळाची पायरी चढला नाही. गुडघे दुखतात असं त्यानं गावाला सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं, पण कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. आता बाबाजी नाही, त्याची बायको नीराबाई नाही, आणि ज्यानं त्याला फसवलं तो माणूसही पेन्शन खाऊन सुखानं गेला. शब्द पाळायला समोर कोणी उरलेलं नाही.

गाव खाडीकाठचं. अर्धं मिठागरावर जगायचं, अर्धं भातावर. उंडीच्या झाडाखाली चार खांबांचं, कौलारू छपराचं देऊळ आणि आत मोठ्या परातीएवढा एक गोल दगड, तोच वळोबा. दगड म्हणायचा तो सवयीनं. दिसायचा फक्त शेंदूर, पिढ्यान्‌पिढ्या चढवलेला, चांगला चार बोटं जाड. बाबाजीच्या पणज्याला तो ओहोटीच्या चिखलात सापडला होता, एवढं गावाला ठाऊक. वळोबा नाव का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

बैल घ्यायचा, मुलगी द्यायची, मचवा दर्यात घालायचा, काहीही असलं तरी लोक आधी वळोबाला विचारायचे. बाबाजी आंघोळ करून ओलेत्यानं यायचा. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायचा, एक डाव्या, आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कधी कधी तासभर दोन्ही चिकटून राहायच्या आणि लोक हूं की चूं न करता बसून राहायचे. माझ्यासारख्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेल्याला हसू यायचं. पण ते तोंडावर आणायची छाती नव्हती.

मी गावात आलो १९४७च्या जूनमध्ये. ऑगस्टात शाळेवर झेंडा लावायची माझी धांदल चालली होती, आणि तिकडे बाबाजीची नऊ वर्षांची मुलगी गोदू तापानं फणफणली. मान ताठ झाली, डोळे फिरवू लागली. अलिबागला न्यायचं तर त्या तुफान पावसात होडीनं खाडी ओलांडायची आणि पुढे बैलगाडी. न्यावी की ठेवावी? बाबाजीनं वळोबाला विचारलं. पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पडली. नेऊ नको. तिसऱ्या दिवशी गोदू गेली.

मी तरुण होतो, तडकलो. त्याच्या अंगणात उभा राहून नको ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, त्यानं ठेव म्हनून सांगितलं. मी ठेवली. फुडचं त्याचं." डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. हा माणूस दगड आहे, असं मला वाटलं. त्या एका वाक्यावर तो उभा आहे, हे कळायला मला बारा वर्षं लागली.

१९५३च्या दिवाळीनंतर वळोबाची खोळ गळली. शेंदराचा थर फार जाड झाला की एखाद दिवशी आपसूक सुटतो. देवानं अंगरखा टाकला असं समजतात. तो शेंदूर वाजतगाजत खाडीत सोडतात आणि नवा चढवायचा तो चैत्रातल्या जत्रेला. तोवर देव उघडा. साठ-सत्तर वर्षांत असं घडलं नव्हतं, त्यामुळे पाहायला सगळं गाव लोटलं. आत पिवळसर तपकिरी दगड होता आणि त्यावर मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं, बाहेर जाड, आत आत बारीक होत गेलेलं, अंगावर सारख्या अंतरानं वळ उठलेले. गावचा पाटील कोंडाजी हात जोडून म्हणाला, "तवा म्हनून वळोबा." एवढंच झालं असतं तर बरं होतं. पण कडेपासून मध्यापर्यंत दगडाला एक चीर गेलेली होती, आणि ती पाहिल्यापासून बाबाजीला जेवण गोड लागेना.

त्याच महिन्यात प्राध्यापक दत्तात्रेय खारकर आले. मुंबईच्या एका कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवायचे. गोरे, हसतमुख, कमरेला हातोडी. खाडीकाठचे खडक पाहायला आले होते, उतरले माझ्या शाळेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला ओढतच मिठागराच्या बांधावर घेऊन गेले.

"मास्तर, हा बांध कोणी घातला? हे दगड इथले नाहीत."

मी पाहिलं. बांधात काळ्या दगडांमधे पिवळे दगड होते. मी त्यावरून रोज जात होतो आणि मला ते कधी दिसले नव्हते. त्यांनी एक दगड फोडून दाखवला. आत खसखशीएवढे सोनेरी गोल दाणे गच्च भरलेले, आणि त्यात शिंपले, दगड झालेले. एक बोटाएवढी टोकदार काडी निघाली, बंदुकीच्या गोळीसारखी.

"हा कच्छचा दगड," ते म्हणाले. "मांडवीहून गलबतं यायची ना? माल कमी असला की तोल राहावा म्हणून तळात दगड भरायचे आणि इथं माल चढवताना ते काढून टाकायचे. तुमच्या लोकांनी ते उचलून बांधात घातले. पंधरा कोटी वर्षांपूर्वी कच्छावर समुद्र होता, मास्तर. त्या समुद्राचा तळ आहे हा."

मग अर्थातच मी त्यांना देवळात नेलं. कोणी सांगितलं नव्हतं, मला मिरवायचं होतं. वळोबाला पाहून ते मटकन खाली बसले. मग त्यांनी बाबाजीला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "बाबाजीराव, माकूल खाता ना? ती मऊ, सोंडांची?"

"खातो की."

"तिची ही चुलत पणजी समजा. हिला शंख होता. त्यात राहायची आणि समुद्रात पोहायची. ती मेली, तळाच्या गाळात रुतली, गाळाचा दगड झाला, तिच्या शंखाचाही झाला. एवढी मोठी आणि असे वळ असलेली मी अजून पाहिली नाही. कोणीच पाहिली नसेल कदाचित."

मला वाटलं, आता बाबाजी भडकणार. देवाला माकूल म्हटलं! तो विचार करत होता. "तवा हितं काय व्हतं?" त्यानं विचारलं.

"इथं? काहीच नाही. हा आपला काळा दगडसुद्धा नव्हता. तो फार नंतर जमिनीतून तापून वर आला आणि लोखंडाच्या रसासारखा पसरला. त्यात समुद्राचा जीव कुठून सापडणार?"

"मंजी देव आमच्या जमिनीच्या आधीचा," बाबाजी म्हणाला, आणि इतका खूश झाला की त्या रात्री त्यानं प्राध्यापकांना घरी जेवायला नेलं. नीराबाईनं कोलंबीचं कालवण केलं. पुढचे आठ दिवस तो भेटेल त्याला सांगत सुटला की आपला देव सह्याद्रीपेक्षा थोरला आहे. लोक हसले, पण मनातून सुखावले. जन्मात कोणी त्या गुरवाशी एवढं बरोबरीनं बोललं नव्हतं. मी मित्र खरा, पण मीही त्याला शिकवायलाच जायचो. खारकर त्याला विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचे. रोज बाबाजीराव, बाबाजीराव.

निघायच्या आदल्या दिवशी खारकरांनी चिरेवर बोट ठेवलं. "हा पुढचा पावसाळा काढणार नाही. दोन तुकडे होतील. मी मुंबईला नेतो, चिरेत औषध भरून सांधून देतो. फाल्गुनात परत. माझं आजोळ रोह्याचं आहे हो, मी काय परका आहे?"

बाबाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शिकलेला माणूस आहे, बाबाजी. दगड घेऊन कुठे पळून जाणार?" ते वाक्य मला आजही रात्री-अपरात्री ऐकू येतं.

कोंडाजी पाटील म्हणाला, देवालाच विचारा. सकाळी सगळ्या गावासमोर कौल लागला. उजवी पाकळी चटकन पडली. गावानं माना डोलावल्या. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्ही तिघंच असताना बाबाजी जरा लाजत म्हणाला, "डावी चांगली भिजवली व्हती. उजवी नुसती टेकवली, मंजी आधी पडती. आज पहिल्यांदा केलं असं. देव फुटाया नको म्हनून केलं." खारकरांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. एखाद्या भाबड्या माणसानं पहिल्यांदा लबाडी केली की आपल्याला कौतुक वाटतं, तसं.

दगड बाबाजी आणि खारकर, दोघांनी उचलून होडीत ठेवला. मग पौष गेला, माघ गेला. बाबाजी रोज रिकाम्या चौथऱ्याला पाणी घालायचा, फूल वाहायचा. फाल्गुनाच्या शेवटी रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर एक खोकं आलं. खारकर नव्हते. खोकं होडीनं गावात आणलं. देवाला हात लावायचा हक्क एकट्या गुरवाचा, म्हणून सगळ्यांना बाहेर ठेवून बाबाजीनं ते आत एकट्यानं उघडलं. दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं.

गवतावर वळोबा होता. तोच रंग, तेच वेटोळं, वळसुद्धा जिथले तिथे. चीरही होती.

"उचला," तो म्हणाला.

"मी? देवाला?"

"उचला, मास्तर."

मी दोन्ही हात घातले आणि जोर लावला, तर तोल जाऊन मागेच पडलो असतो. ते एका पोराला उचलण्यासारखं होतं. बाबाजीनं तांब्याभर पाणी वरून सोडलं. खरा दगड भिजला की काळसर व्हायचा. ह्यानं पाणी शोषून घेतलं. जिथं रंग नीट बसला नव्हता तिथं मी नख घासलं, तर नखाला पांढरं लागलं. प्लास्टर. खारकरांनी साचा काढून वळोबाची नक्कल पाठवली होती आणि वळोबा ठेवून घेतला होता.

नीराबाई दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. "आता वो?" ती म्हणाली.

जत्रेला दहा दिवस होते. बाहेर कोंडाजी पाटील आणि गाव खोळंबलं होतं. उजवी पाकळी नुसती टेकवली होती हे आता कोणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? बाबाजीनं खोक्यातलं गवत गोळा करून बाजूला सारलं.

"शेंदूर आन," तो बायकोला म्हणाला. "तेल जास्ती घाल."

औषध भरलेल्या चिरेला वारा लागू द्यायचा नाही, असं साहेबांनी कळवलंय म्हणून आधीच शेंदूर लावला, असं त्यानं गावाला सांगितलं. गावाचा विश्वास बसला. न बसायला त्यानं पूर्वी कधी काही केलंच नव्हतं.

पत्र मी लिहिलं. साहेब, चुकून दुसरंच खोकं आलं असावं, असं बाबाजीनं लिहायला सांगितलं. अजूनही त्याला चुकून वाटत होतं, किंवा तसं वाटून घ्यायचं होतं. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. मूळ नमुना अभ्यासाला लागेल, प्रतिकृती हुबेहूब आहे, पूजेला काही फरक पडू नये. आणि शेवटी, "याची गावात चर्चा न झालेली बरी, नाहीतर कौल कसा लागला हेही लोक विचारतील." बाबाजीनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ते तर मी त्याला घरचा समजून सांगितलं व्हतं."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो. जाताना बाबाजीनं धोतर धुऊन घेतलं होतं आणि खारकरांसाठी कोकमाच्या सोलांची पुरचुंडी बांधली होती. कॉलेजच्या एका लांब खोलीत काचेची कपाटं होती. तिसऱ्या कपाटात वळोबा होता. दोन वळोबा होते. त्यांनी तो करवतीनं मधोमध उभा कापला होता आणि दोन्ही पोटं घासून आरशासारखी चकचकीत केली होती.

"या, या, बाबाजीराव!" खारकर मनापासून आनंदले, हे मला अजून समजत नाही. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. कपाट उघडून ते दाखवू लागले. वेटोळ्याच्या आत ओळीनं खोल्या होत्या, शेकडो, मधल्या भिंती नागमोडी, आणि खोल्याखोल्यांतून खडीसाखरेसारखे स्फटिक भरलेले. प्राणी वाढला की पुढे नवी खोली बांधायचा आणि मागची बंद करायचा, रिकाम्या खोल्यांत हवा भरून तरंगायचा. राहायचा फक्त शेवटच्या खोलीत. खाली टाचणीनं कार्ड लावलं होतं. मी ते बाबाजीला वाचून दाखवलं. कच्छ, जुरासिक काळ, संग्राहक प्रा. द. खारकर.

खारशेतचं नाव नव्हतं, मग बाबाजीचं कुठून असणार.

"साहेब, तुमी सांधनार व्हता," बाबाजी म्हणाला.

"फुटणार तर तो होताच, बाबाजीराव. निदान आता जपला जाईल. आणि खरं सांगा, शेंदूर लावल्यावर कोणाला काय कळतंय?"

बाबाजीनं हात पुढे केला, दर्शन घेताना करतात तसा.

"हात नका लावू," खारकर हसतच म्हणाले. "पॉलिश उतरतं."

मी पुष्कळ बोललो असतो, पण शिकलेल्या माणसासमोर माझी जीभ नेहमीच जड होते. परतीच्या लाँचवर बाबाजीनं सोलांची पुरचुंडी सोडून सोलं पाण्यात टाकली. "माझ्या पानाशेजारी पान मांडून जेवला, मास्तर," एवढंच तो म्हणाला.

मग पाच वर्षं तो त्या प्लास्टरची पूजा करत राहिला. पहिल्यांदा कौल लावताना त्याचा हात इतका थरथरला की लोकांना वाटलं अंगात येतंय. पाकळी पडली, माणूस समाधानानं घरी गेला. दुसरा आला, तोही गेला. बाबाजी मला म्हणायचा, "एक दिवस कायतरी इपरीत व्हनार. वळोबा उगा न्हाय बसायचा. मग मी समदं कबूल करीन." तो शिक्षेची वाट बघत होता. आणि गावात सगळं उत्तम चाललेलं. भात पिकलं, मीठ चांगलं उतरलं, दोन वर्षं साथ आली नाही. "रागावत पन न्हाय," तो एकदा चिडून म्हणाला. "मला फशिवलं ते फशिवलं, ह्याला कापला तरी ह्यो गप."

१९५९च्या पावसाळ्याच्या तोंडावर येसूबाईचा मुलगा चंदर ज्या मचव्यावर खलाशी होता तो मचवा काठेवाडाकडून परतताना वादळात सापडला. बरोबरचे तीन मचवे आले, हा आला नाही. सतरा दिवस झाले. भाऊबंद येसूबाईला म्हणू लागले, आता सुनेच्या बांगड्या उतरवा, दिवस करा. येसूबाई म्हणाली, वळोबाला विचारीन आणि तो सांगेल तेच करीन. सून विशीतली, दारात बसलेली, दोन्ही हात पदराखाली लपवून.

बाबाजी दोन दिवस तापाचं निमित्त करून घरात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी कोंडाजी पाटलानं त्याला हाताला धरून आणलं. मी देवळात होतो. त्यानं दोन्ही पाकळ्या नीट, सारख्या भिजवल्या. इतक्या सारख्या की मला त्याचे ओठ हलताना दिसत होते, जणू थेंब मोजतोय. लावल्या आणि मागे सरून डोळे मिटले. बराच वेळ गेला. उजवी पडली. चंदर जिवंत आहे.

सुनेच्या बांगड्या राहिल्या. आणि आठव्या दिवशी चंदर आला. जाफराबादजवळ किनाऱ्याला लागला होता, कोळ्यांनी सांभाळला होता. देवळात ढोल वाजले. येसूबाईनं वळोबापुढे लोटांगण घातलं आणि गावजेवण दिलं. सगळे होते, फक्त गुरव नव्हता.

तो मला मिठागराच्या बांधावर सापडला, त्या पिवळ्या दगडांवर बसलेला. मी त्याच्या शेजारी बसलो. "बाबाजी, कौल खरा ठरला. आज तरी हास."

"मास्तर, त्या पालास्टरला कसं कळलं, चंदर जिता हाय ते?"

"त्याला कुठून कळणार? पाकळी पडली, आणि चंदर यायचा होता तो आला."

मला वाटलं मी त्याचं मन हलकं करतोय. नक्कल पुजल्याचं ओझं त्याच्या छातीवर आहे, ते उतरावं एवढाच माझा हेतू होता.

"मंजी पाकळी नुसती सुकते," तो सावकाश म्हणाला. "सुकली की पडते."

"हो."

"दगडावरची पन?"

मी मास्तर. खरं तेच सांगायची खोड. "हो, दगडावरचीसुद्धा."

देवळातले ढोल इथपर्यंत ऐकू येत होते. मग त्यानं स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"त्या मानसानं देव नेला ते मी सोसलं असतं," तो म्हणाला. "पन गोदूला ठेव म्हननारा कोनतरी व्हता ना, मास्तर. त्यो पन नेला. त्या दिशी मी घाईत व्हतो, हात कापत व्हते माझे. डावी पाकळी मी नीट भिजवलीच नसंल."